पहिला मेटल डिटेक्टर घेताना: आधी रान, मग यंत्र

आमच्या घरातला पहिला डिटेक्टर चाळीस मिनिटं टिकला. बिघडला वगैरे नाही, आमचाच धीर सुटला. डिसेंबरमधला रविवार, इंग्लंडच्या पूर्वेचा सफकचा किनारा, ओहोटी लागलेली आणि धाकट्याच्या हातात नवं कोरं यंत्र. ओल्या वाळूवर ते नेलं मात्र, जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. पहिल्या दहा बीपना आम्ही मोठ्या उमेदीनं खणलं. दहाही खड्ड्यांत पाणी. खोक्यावर छापलं होतं, ‘अडीच मीटर खोलवरचा धातू शोधतो’. शेवटी ते बंद करून गाडीच्या डिकीत टाकलं, गरमागरम चिप्स खाल्ले आणि घरी आलो.

यंत्र वाईट नव्हतं, हे पुढे कळलं. तेच यंत्र दोन महिन्यांनी मेंढ्यांच्या एका कुरणात अगदी शहाण्यासारखं वागलं. चूक आमच्या क्रमात होती. आम्ही आधी यंत्र घेतलं आणि मग ते चालवायला जागा शोधत फिरलो. आता नाताळ जवळ आला की इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणी ना कुणी विचारतंच, “मुलांसाठी डिटेक्टर घ्यायचाय, कुठला घेऊ?” माझा उलटा प्रश्न ठरलेला: चालवणार कुठे?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते समजायला यंत्राच्या पोटात थोडं शिरावं लागतं.

काठीच्या टोकाला जी गोल चकती असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात, एक बोलणारं आणि एक ऐकणारं. बोलणाऱ्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात, त्यानं खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असेल तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र उमटतं. ऐकणारं वेटोळं ते पकडतं. म्हणजे यंत्राला नाणं दिसत नाही, त्याचं फक्त उत्तर ऐकू येतं.

आणि प्रत्येक धातू वेगळं उत्तर देतो. देवळातली घंटा वाजवली की नाद रेंगाळतो, पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारली की नुसतं ‘ठक्’ होऊन संपतं. चांदीचं जाडजूड नाणं घंटेसारखं. त्यातले प्रवाह सावकाश विरतात, उत्तर मागे रेंगाळतं. चॉकलेटची चांदी, म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ कागद, डब्यासारखा. लोखंडाची तऱ्हा तिसरीच, कारण ते स्वतःच चुंबकाला ओढ खातं. उत्तर किती रेंगाळलं ते मोजून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं, बऱ्याच यंत्रांत 0 ते 99 मधला. लोखंड खालच्या आकड्यांत, चांदी आणि तांबं वर.

इथे एक मोठी गोम आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ओढून काढायची ती कडी, दोघांचा आकडा जवळपास तोच येतो. डब्यासारखा ठक् करणारा धातू नको, अशी सेटिंग करता येते. तिला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. पण कड्या नकोत म्हणून आकड्यांचा तो पट्टा बंद केला की अंगठ्याही बंद. आकडा ही ओळख नव्हे, नुसती शंका. माठ वाजवून घेताना आपण एकाच जागी टिचकी मारून थांबत नाही, तसं कॉइल दोन्ही बाजूंनी फिरवून ऐकायचं. दोन्हीकडून तोच गोल स्वर आला तर खणायचं. एका बाजूनं खणखणीत आणि दुसऱ्या बाजूनं खरखर आली तर बहुधा गंजका खिळा.

आता ओली वाळू. मिठाचं पाणी विजेचं वाहक असतं. त्यामुळे समुद्राकाठी कॉइलखालचा सगळा किनाराच एका प्रचंड, पातळ धातूच्या पत्र्यासारखं उत्तर देतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे प्रवाहाची दिशा बदलण्याच्या एकाच वेगावर, चालणाऱ्या साध्या यंत्राला हे उत्तर आणि अंगठीचं उत्तर वेगळं काढणं फार जड जातं, म्हणून ते किंचाळत सुटतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर ऐकणारी यंत्रं तुलना करून मिठाचा आवाज वजा करू शकतात. तिसरा प्रकार पल्स इंडक्शनचा. हा टोला मारतो, गप्प बसतो आणि नाद कसा विरतो ते ऐकतो. मीठ त्याला फारसं छळत नाही, खोलीही चांगली मिळते, पण खिळा आणि नाणं यांत तो जवळजवळ फरक करत नाही. लहान मुलांच्या हाती असं यंत्र दिलं तर दिवसभर खिळे गोळा होतील. पहिल्या खरेदीत याच्या वाटेला जाऊ नये.

म्हणून जागा आधी. तुमचं कुटुंब समुद्रकिनारीच जाणार असेल तर अनेक फ्रिक्वेन्सींचं यंत्र घ्या, इथे काटकसर करू नका. कुरणात किंवा नांगरलेल्या शेतात जाणार असाल तर एका फ्रिक्वेन्सीचं साधं यंत्रही उत्तम चालतं. गॅरेट या अमेरिकन कंपनीचा जुना पिवळा एस 250 हा 6.5 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साडेसहा हजार फेऱ्यांवर चालतो आणि त्यावर इथल्या कितीतरी लोकांनी हा छंद सुरू केला. सेकंडहँडही मिळतो. तुर्कस्तानच्या नोक्टा कंपनीचा सिम्प्लेक्स प्लस 12 किलोहर्ट्झचा, आणि तो पूर्ण पाण्यात बुडवला तरी चालतो, त्यामुळे ओढ्यात पाय घालणाऱ्या पोरांसाठी सोयीचा. फक्त स्वतःच्या परसात फिरवायचा असेल तर लहान कॉइल बघा. जुन्या घराच्या परसात खिळे, तारा, पत्रे इतके असतात की मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी चार गोष्टी येतात आणि खिळ्याच्या आवाजात नाणं हरवतं.

खोलीच्या आकड्यांबद्दल मात्र मला थोडं रागानंच लिहायचंय. कॉइलपासून जरा लांब गेलं की उत्तराची ताकद अंतराच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात घटते. म्हणजे अंतर दुप्पट झालं की उत्तर 64 पट क्षीण. नाण्याएवढ्या वस्तूसाठी नवशिक्या यंत्राची खोली साधारण 15 ते 20 सेंटिमीटर धरावी, म्हणजे एक वीतभर. अडीच मीटरवर त्याला काही सापडेलच तर ते पुरलेलं पिंप असेल. आणि विचार करा, आठ वर्षांच्या मुलाला अडीच मीटरचा खड्डा खणायला लावणार आहात का?

या विद्येच्या जन्मकथेतच जागेचा घोळ आहे. 1881 च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरात ती नेमकी कुठे अडकली हे डॉक्टरांना कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल धातू शोधणारं यंत्र घेऊन आले. गादीखालच्या लोखंडी स्प्रिंगांनी आवाजात घोळ घातला. त्यात डॉक्टरांनी जी बाजू मनाशी ठरवली होती तिथेच शोधू दिलं आणि गोळी होती दुसऱ्या बाजूला. सप्टेंबरात गारफील्ड गेले. आमच्या घरी स्प्रिंगांचा प्रयोग माझ्या नवऱ्यानं पुन्हा करून दाखवला. बागकामाचे लोखंडी टोपीचे बूट घालून तो अर्धा तास शेतात फिरला आणि दर पावलाला त्याला ‘काहीतरी’ सापडत होतं.

बूट झाले, आता हात. मोठ्या माणसासाठी 1.3 किलोचं यंत्र हलकं. पण ते काठीच्या टोकाशी, तेही सतत डावी-उजवीकडे झुलवायचं असतं, आणि आठ वर्षांच्या मुलाचा खांदा वीस मिनिटांत बोलायला लागतो. वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. दुकानात गेलात तर मुलाला कोपर टेकायच्या खोबणीत हात घालून तीन मिनिटं झुलवायला सांगा. तो हात बदलायला लागला, की समजा हे यंत्र बाबाच वापरणार. दांडी किती आखूड होते तेही पाहा, नाहीतर पोर कोपर वर उचलून चालतं आणि कॉइल जमिनीपासून वीतभर वर तरंगते. ती वीतभर खोली तुम्ही फुकट घालवली.

खास मुलांसाठीची यंत्रं मिळतात, नोक्टाची मिनी होर्ड आणि मिडी होर्ड ही त्यातलीच. अगदी खेळण्यातली प्लॅस्टिकची यंत्रं मात्र टाळा. मूल मूर्ख नसतं. शेजारी ताई पेनी काढतेय आणि आपल्याला काहीच मिळत नाही, हे त्याला दुसऱ्या रविवारीच समजतं. आम्ही शेवटी माइनलॅब कंपनीचा अनेक फ्रिक्वेन्सींचा व्हँक्विश 340 घेतला, आळीपाळीनं वापरायला. पहिल्या बऱ्या यंत्राला इथे साधारण 150 ते 300 पौंड पडतात.

पण सगळे पैसे यंत्रात घालू नका. पिनपॉइंटर नावाची गाजराएवढी हातातली कांडी असते, ती खड्ड्यात फिरवली की नाणं नेमकं कुठल्या ढेकळात आहे ते सांगते. हिच्याशिवाय मूल चिखल चाळत बसतं, रडकुंडीला येतं. शिवाय डिटेक्टर एक असला तरी कांडीमुळे दुसऱ्या मुलाला काम मिळतं, आणि आमच्या घरी भांडण मिटलं ते या कांडीनं. खणायला दणकट खुरपं हवं. कुरणात हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून पान उलटल्यासारखा उलटायचा, काम झालं की पुन्हा बसवून पायानं दाबायचा. ज्या शेतात आपण खड्डे सोडतो तिथे पुन्हा बोलावणं येत नाही.

बोलावण्याचा विषय निघालाच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिटेक्टर वापरायला परवाना लागत नाही, पण प्रत्येक जमिनीला मालक असतो आणि त्याची परवानगी लागतेच, शक्यतो लेखी. समुद्रकिनाराही याला अपवाद नाही. क्राउन इस्टेट, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणारी संस्था, तिच्या ताब्यातल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर वेगळा अर्ज करावा लागत नाही, पण सगळा किनारा त्यांचा नसतो, बराचसा स्थानिक कौन्सिलचा असतो. विचारून जा. संरक्षित प्राचीन स्थळावर विनापरवाना डिटेक्टर चालवणं हाच गुन्हा, खणलं नाही तरी. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. आणि डब्लिनमधल्या मराठी मित्रांनो, तुम्ही हा लेख वाचून ऑर्डर देऊ नका: आयर्लंडमध्ये जुन्या वस्तू शोधायला परवान्याशिवाय डिटेक्टर फिरवता येत नाही.

सापडलेल्या वस्तूचं काय, याला 1996 चा ट्रेझर ॲक्ट आहे. 300 वर्षांहून जुनी आणि निदान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, नाणी असतील तर एका जागची दोन किंवा अधिक, हे ढोबळमानानं ‘ट्रेझर’. ते 14 दिवसांत कळवावं लागतं. 2023 पासून 200 वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या. घाबरू नका, प्रत्येक भागात यासाठी नेमलेला फाइंड्स लायझन ऑफिसर असतो, तो सगळं मार्गी लावतो आणि ट्रेझर नसलेल्या वस्तूंचीही नोंद करून घेतो. थोरलीनं आणलेली शिशाची बंदुकीची गोळी आमच्या इथल्या ऑफिसर बाईंनी दिव्याखाली धरून जितक्या आस्थेनं पाहिली तितक्या आस्थेनं शाळेत तिची वहीसुद्धा कुणी पाहिली नसेल. एक पथ्य मात्र कडक: पूर्व इंग्लंडच्या जमिनीत दुसऱ्या महायुद्धाचे न फुटलेले बॉम्ब अजून निघतात. तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब जाऊन 999 ला फोन करायचा. मुलांना हे बीप शिकवण्याआधी शिकवा.

आमच्या सफकमध्येच हॉक्सन नावाचं गाव आहे. नोव्हेंबर 1992 मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला आणि तो शोधायला एरिक लॉझ डिटेक्टर घेऊन गेले. त्यांना रोमन काळाच्या अखेरचा खजिना लागला, सुमारे पंधरा हजार सोन्या-चांदीची आणि ब्राँझची नाणी, दागिने, चमचे. पण मला त्यांचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. थोडा खजिना वर आल्यावर त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना पेटी जशी पुरली होती तशी उलगडता आली. त्यांना साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ही गोष्ट ऐकून कऱ्हाडहून आलेल्या माझ्या सासऱ्यांचे डोळे चमकले. “अगं, आपल्याकडे तर गडागडावर असेल!” म्हणाले, “एक यंत्र मी घेऊन जातो.” त्यांना बसवून सांगावं लागलं, बाबा, तिकडे नको. भारतात 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. संरक्षित गडावर खणणं हा तर सरळ गुन्हा. मार्च 2025 मध्ये एका चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री विजेऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते, ते त्यांनीही टीव्हीवर पाहिलं होतं. “ती येडी माणसं,” म्हणाले. आणि समजा कायदा आडवा आला नसता तरी आपली माती आली असती: सह्याद्रीचा काळा दगड आणि कोकणातला जांभा, दोन्हींत लोहखनिज भरलेलं. साधं यंत्र तिथे ओल्या वाळूवर ओरडलं तसंच ओरडतं. इंग्लंडची माती या बाबतीत गरीब गाय आहे.

मग बाबा आमच्याबरोबर शेतात यायला लागले. बसायला घडीची खुर्ची, हातात चुंबक. चुंबकाचं खातं त्यांचं, कारण इथली 1992 नंतरची एक आणि दोन पेनीची नाणी वरून तांब्याची, आतून पोलादाची असतात. यंत्र त्यांच्यावर धड काही सांगत नाही, चुंबक लगेच सांगतो. बाबा प्रत्येक नाणं चिकटवून बघतात आणि चिकटलं की “बनावट!” म्हणून मुलांना परत देतात.

गेल्या शनिवारी त्या कुरणाच्या मालकाचा फोन आला. ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीची पिन गवतात कुठेतरी पडली होती, पोरांना घेऊन येता का? मी गाडीत बसेपर्यंत धाकट्यानं घोड्याच्या नालेचं चित्र असलेलं बटण दाबून ठेवलं होतं, म्हणजे लोखंडासकट सगळं ऐकू येईल. पिन लोखंडाची, हे त्याला सांगावं लागलं नाही. मग अर्थातच शेतातला प्रत्येक खिळा बोलू लागला. तीन तासांत एकोणीस खिळे, एक खरीखुरी नाल, कुंपणाच्या तारेचे तुकडे आणि एक बिजागरी. चार वाजता अंधारून आलं तेव्हा सगळे थकून फाटकाकडे निघालो. पिन तिथेच होती, खांबाशेजारी, गवताच्या वर. बाबांना दिसली, चष्म्याशिवाय.